रांगेतला शेवटचा

३ जून, सोमवार
आजपासून मी नगरपालिकेच्या रहिवासी नोंदणी कचेरीत. खिडकीतून समुद्र दिसतो, आणि आल्या आल्या केळीच्या पानात वाफवलेल्या चिकट भाताचा गरम बुदबुद हातात पडला. गावातल्या सव्वीस हजार माणसांच्या नोंदी तपासायच्या, एकाच माणसाच्या दोन असतील तर एक काढायची. डेटाबेस शहरातल्या सर्व्हरवर. इथून आम्ही फक्त हुकूम सोडायचे. शिकवायला आहेत क्रिसांता अबेयाना, सगळ्यांच्या मानांग, म्हणजे ताई. शाळेच्या ए ते झेड हजेरीत पहिली कुणीतरी अबेयाना असायची आणि शेवटचा मी, एल्पिदियो झोसा. म्हटलं, सुटलो त्या रांगेतून. विभागप्रमुखाची जागा रिकामी आहे. ती आपलीच, असं बायकोला, मर्लिंदाला, सांगूनही टाकलं. लेकीला, छोट्या आनाला, नवं दप्तर कबूल केलं.

७ जून
मानांग माऊसला हातच लावत नाहीत. दोन अक्षरं टाइप केली की त्यांनी साठवलेला अख्खा हुकूम उमटतो. माझा दिवस जातो तिथं त्यांना पाव तास. "दोंग, जेवढं निवडशील तेवढंच चालतं हं," म्हणाल्या. धाकट्या पोरांना त्या दोंग, म्हणजे बाळा, म्हणतात. पहिल्या ओळीत 'नोंद काढ', दुसरीत कुणाची ते. दुसरी निवडायची राहिली तर सगळ्यांचीच जाते. म्हणून त्या आधी नुसतं बघतात, मोजतात, मग काढतात. चालू काम थांबवायची कळ दाखवणार, तेवढ्यात साहेब, सर गाबुया, आले आणि त्यांचं कौतुक सुरू झालं. मला ऐकवेना. लघवीचं निमित्त करून उठलो.

१४ जून
काल घोळ झाला. दुसरी नोंद समजून, कोपऱ्यावर साखरेत घोळलेली तळलेली केळी विकणाऱ्या तिया पासिंगची एकुलती एक नोंद काढली. आज तिची गाडी नाही. जमिनीवर तेलाचा डागसुद्धा नाही. शेजारच्या चांभाराला विचारलं, तर हसायला लागला. म्हणे, ऊन लागलंय का तुला? इथं केळीवाली कधी होती?
मानांगना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्या चुटकीसरशी निस्तरणार आणि साहेब पुन्हा वाहवा करणार.

२१ जून
जागा मानांगना मिळाली. साहेबांनी सगळ्यांना पंसित नूडल्स खिलवल्या. मानांगनी माझ्या ताटलीत जास्तीच्या वाढल्या, वर म्हणाल्या, "तोंड का पाडलंस, दोंग? पुढचा नंबर तुझाच." ताटली तशीच ठेवून उठलो. घरी मर्लिंदा म्हणाली की बाई गुणाची आहे, मिळायलाच हवी होती. बायकोसुद्धा! हो, जळतो मी. त्यांच्या त्या कळांवर पळणाऱ्या बोटांवर जळतो.
तिया पासिंग कुणालाच आठवत नाही.

२४ जून, सकाळी ८
सगळे खाली, सोमवारच्या झेंडावंदनाला. पोटदुखी सांगून मी वर थांबलो. मानांगचाच हुकूम, त्यांचीच दोन अक्षरं. दुसऱ्या ओळीत त्यांचं नाव घातलं. बघितलं नाही, मोजलं नाही. चालवला.

८.०३
एकच नोंद जायला हवी होती. आकडा चढतोय — दोनशे — सातशे — मी फक्त पहिलीच ओळ निवडली होती —

८.०८
आडनावांच्या क्रमानं जातंय. आधी अबेयाना. खाली राष्ट्रगीत चालू आहे, आवाज पातळ होत चाललाय. साहेबांचा भसाडा सूर मधेच तुटला. शेवटचा असल्याचं आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

८.१४
माऊस गोठला. वायर उपटून उपयोग नाही, काम शहरात चाललंय. थांबवायची कळ कुठली — सगळ्या दाबून पाहिल्या — मानांग सांगत होत्या आणि मी उठून —

८.२०
खाली कुणीच गात नाही. झेंडा अर्ध्यावर.

८.२४
घरी फोन लावला. म्हटलं, आनाला घट्ट धरून ठेव. मर्लिंदा म्हणाली, कोण आना? आपल्याला कुठं मूल आहे?

झोसा सुरू झालेत. क्रमानं आनाच्या खाली — एल्पिदि