सतरा नंबरची चकती

प्रिय ताई,

चार दिवस झाले, अन्न गोड लागत नाही. तू म्हणशील, पित्त वाढलं असेल, वेळेवर जेवत जा. पित्त नाही गं, किळस आहे. सोमवारी जकातवाल्यांनी एक खोकं उघडायला बोलावलं. आत पायमोजे होते, पुरुषांचे, जाडे. प्रत्येक मोज्यात एक मुठी. मुठी म्हणजे माझी ती वाळवंटातली वनस्पती, वाळूतून कुणी करडी मूठ वर काढावी तशी दिसणारी, जिच्यापायी मी अठरा वर्षं ऊन खाल्लं. तेवीस मोजे, तेवीस रोपं, सगळी सडून काळी पडलेली. तो वास अजून माझ्या बोटांना आहे. साबण संपला, वास गेला नाही.

मंगळवारी आमच्या वनस्पती संरक्षणाच्या कचेरीत बैठक झाली. तिथलं काय सांगू! मुठीचा दर्जा आमच्या दुर्मिळ वनस्पतींच्या यादीत आजवर ‘चिंतेचं कारण नाही’ असा आहे. का, तर दरवर्षीची मोजणी एक्केचाळीस, एकही कमी नाही. साहेब बिस्किट चहात बुडवून म्हणाले की आकडा स्थिर आहे तर दर्जा बदलायची घाई कशाला, उगाच वर उत्तरं द्यावी लागतील. खोकं उघडताना ते माझ्या शेजारीच उभे होते, नाकाला रुमाल लावून. मला तिडीक आली, पण मी मूग गिळून बसले. का बसले ते सांगतेच.

मोजणी कशी होते, ते तुला कधी सांगितलं नाही. प्रत्येक रोपाशेजारी एक सळई आणि तिला पत्र्याची नंबरवाली चकती. उन्हाळ्यात मुठी आक्रसून वाळूखाली जाते, दिसतच नाही. म्हणून आमचा नियम, चकती उभी आहे म्हणजे रोप आहे असं धरायचं. मग जीपमधून उतरायचीही गरज नाही. दुर्बीण लावायची, चकत्या मोजायच्या, एक्केचाळीस लिहायचं, परत यायचं. यंदा आमच्याकडे एक नवी बाई बदलून आली आहे, पन्नाशीची, गुडघे दुखतात म्हणून सतत कुरकुरणारी. तीच बुधवारी जीपमधून उतरली आणि त्याच दुखऱ्या गुडघ्यांवर बसून हाताने वाळू उकरायला लागली. एकाही चकतीखाली काही निघालं नाही. एक्केचाळीस चकत्या, एक्केचाळीस रिकामे खड्डे, वर नीट सारखी केलेली वाळू. तिने हात झटकले, मोजणीच्या वहीत शून्य लिहिलं आणि वही माझ्या हातात दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रोपं आमच्या ड्रायव्हरने काढली, त्यानेच कबूल केलं. हो, तोच, तुझं सामान गाडीत चढवणारा, तुला आवडलेला हसतमुख माणूस. पाच वर्षं एकेक करून विकत होता, पांढऱ्या वाडग्यात शोभेला ठेवणाऱ्या हौशी मंडळींना; उरलेली तेवीस यंदा एकदम मोज्यांत भरून पाठवली. वर्षभरात मरतात बिचारी, आणि ही मंडळी दुसरी मागवतात. मी त्याला नाही नाही ते बोलले. तो शांतपणे एवढंच म्हणाला, “मॅडम, सतरा नंबर काढल्यावर चकती तुम्हीच परत रोवलीत. मी ते बघूनच शिकलो.”

ताई, शेण मी खाल्लं. अकरा वर्षांपूर्वी तू कायमची लांब निघालीस, आणि तुला काय द्यावं ते मला सुचेना. दुकानातली कुठलीही वस्तू हलकी वाटली. त्या दुपारी मी सतरा नंबर मुळासकट काढला, वाळू सारखी केली, चकती परत रोवली आणि रोप कुंडीत घालून तुला दिलं. जीप त्या ड्रायव्हरनेच थांबवली होती. तू कुंडी बघून नाक मुरडलंस, म्हणालीस की याला फूल तरी येतं का. आणि तो चकतीचा नियम त्याच उन्हाळ्यात मी लिहिला. उन्हाळ्यात रोप दिसत नाही हे खरं, पण नियम त्यासाठी नव्हता. सतराच्या खाली कुणी हात घालू नये, यासाठी होता. साहेबांची किळस करता करता मी कधी स्वतःच्याच किळसेपाशी आले, कळलंच नाही.

मुठी दुसरीकडे कुठे आढळलेली नाही, म्हणून आता आमची समिती ‘नामशेष’ लिहिणार आहे. परवा सही व्हायची आहे. त्या फॉर्ममध्ये शेवटचा रकाना असतो, ‘इतरत्र जिवंत असल्याची खात्रीशीर माहिती’. तो कोरा राहिला तर विषय कायमचा संपला, पुन्हा कुणी शोधणार नाही. तू मागे फोनवर वैतागली होतीस ना, की मी दिलेल्या त्या काट्याचं बी शेजारच्या कुंडीत पडून तीन पिल्लं उगवलीत, उपटून टाकू का? टाकली नसशील, तुझ्या आळसावर माझा विश्वास आहे. पाणी घालायला विसरतेस म्हणूनच ती जगली. त्या रकान्यात मी आज तुझा पत्ता लिहिला आणि खाली माझं नाव. नोकरी जाईल, पुढे आणखी काय होईल माहीत नाही. आठवड्याभरात तुझ्याकडे माणसं येतील. कुंड्या त्यांच्या हवाली कर, रडू नकोस. कुठून आली विचारलं तर बहिणीने भेट दिली असं सांगू नकोस, बहिणीने चोरून आणली असं सांग. पाकिटात चकती ठेवली आहे, सतरा नंबरची. ती माणसं यायच्या आत कुंडीत रोव. अकरा वर्षांत एकदा तरी ती रोपाशेजारी उभी राहू दे.

तुझीच, तोंड दाखवायला जागा न उरलेली,
बारकी