टाकी ते टाकी

प्रिय दादा,

'प्रिय' लिहिलंय ते सवयीने. आत्ता तू समोर असतास तर हाताला लागेल ते फेकून मारलं असतं, तेव्हा मायना वाचून निर्धास्त होऊ नकोस. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू माझं अर्धं वाक्य ऐकतोस आणि 'मुद्द्यावर ये' म्हणतोस. मग माझ्या डोक्यात तिडीक जाते आणि मुद्दा राहतो बाजूला. कागदाला तसं मध्येच तोडता येत नाही.

तर तुझा तो पडदा. बाबांच्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे हिरवे आकडे दिसतात ना, गाडी लिटरमागे किती धावते आणि उरलेल्या पेट्रोलवर अजून किती धावेल, ते खोटे आहेत. थोडेथोडके नाहीत. पडदा एकवीस म्हणतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात सतरा देते. जळलेलं पेट्रोल तो कमी धरतो, म्हणून उरलेलं जास्त दाखवतो, आणि पुढचं गणित पुन्हा त्या एकवीसवर बेतलेलं, म्हणजे ते दुप्पट खोटं. मी तपासलंय.

हिला गाडीतलं काय कळतं, असं तू म्हणणारच. गाडीतलं मला नाही कळत. पण रक्त तपासायच्या लॅबमध्ये मी वीस वर्षं घासली आहेत आणि मशीनवर किती विश्वास टाकायचा ते मला चांगलं कळतं. रोज सकाळी, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा एक नमुना मी मशीनला घालते. उत्तर बरोबर आलं तरच माणसांचं रक्त त्याच्या हवाली करते. पडदा चकचकीत आहे म्हणून मी कुणाला आजारी ठरवत नाही. तू मात्र एका न तपासलेल्या आकड्याच्या जोरावर आपल्या बापाला विसरभोळा ठरवून मोकळा झालास.

आठवतं का, जुन्या गाडीच्या वेळी बाबा काय करायचे? टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा शून्यावर आणायचा, मग गाडी हवी तितकी चालवायची. पुन्हा टाकी भरताना जितके लिटर आत गेले त्याने धावलेल्या किलोमीटरना भागायचं. टाकी ते टाकी, म्हणायचे. जन्मभर शाळेत पीटी शिकवलेला माणूस, पण हा भागाकार तोंडी करायचा आणि उत्तर आलं की गळ्यात नसलेली शिट्टी वाजवल्यासारखी फुर्रर्र करायचा. आपण दोघं मागच्या सीटवर हसून लोळायचो. नवी गाडी आणून दिलीस त्या दिवशी तू म्हणालास, 'बाबा, आता ही आकडेमोड बंद. त्यासाठी आत कॉम्प्युटर आहे.' बाबांनी बंद केली. तू म्हणालास म्हणून.

त्यानंतर आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दिवस. परत येताना पेट्रोल संपत आल्याचा लाल दिवा लागला होता, हे बाबांनी स्वतःच सांगितलं. लपवलं नाही. पण पडद्यावर अजून तीस किलोमीटर दिसत होते आणि घर बारावर होतं. आईला पट्टी बांधलेल्या डोळ्याने पंपाच्या रांगेत ताटकळत ठेवण्यापेक्षा आधी घरी सोडू, असा विचार त्यांनी केला. कुणीही केला असता. गाडी पुलाच्या ऐन मध्यावर बंद पडली. मागून ट्रक हॉर्न मारतायत, आई आत एका डोळ्याने घाबरून बसलेली आणि बाबा ह्या वयात गाडी ढकलतायत. शेवटी एका टेम्पोवाल्याला दया आली.

आणि तू काय केलंस? फोनवर सगळं ऐकून घेतलंस आणि निकाल दिलास. पडदा चुकणं शक्य नाही, बाबांनी तो नीट पाहिलाच नसणार, किंवा पाहिला आणि विसरले असणार. ते तीस तीस म्हणून कानीकपाळी ओरडत होते, आणि त्यांना तीस आठवतात हाच तुझ्या लेखी त्यांच्या विसरण्याचा पुरावा! आठवड्याभराने आलास, एक किल्ली खिशात घातलीस, दुसरी माझ्या हातात कोंबलीस आणि बाबांच्या देखत म्हणालास, 'ह्यांच्या हाती लागू देऊ नकोस.' लहान मुलापासून काडेपेटी लपवतात तसं. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, पण तू बोलायला लागलास की ह्या घरात बाकीच्यांनी मूग गिळायचे, ही पद्धत जुनी आहे.

तू गेल्यावर मी गाडी बाहेर काढली. पंप एकच, पंपावरची उभं राहायची जागा एकच, आणि नळी पहिल्यांदा आपणहून थांबली की पेट्रोल बंद, वर एक थेंब नाही. पंपावरच्या बाईला प्रत्येकाची टाकी गळ्यापर्यंत भरायची हौस. तिला दर वेळी ओरडून थांबवावं लागे. मी कुठली तरी तपासनीस आहे असं वाटून ती शेवटी मला मॅडम म्हणायला लागली. किलोमीटरचा आकडा तरी खरा आहे का, म्हणून तो हायवेच्या दगडांशी ताडून पाहिला. तो खरा निघाला. एकदा चूक होऊ शकते म्हणून तीन टाक्या तपासल्या. तिन्ही वेळा पडदा तेवढंच खोटं बोलला. गॅरेजवाल्याला दाखवलं तर तो हसला. म्हणाला, हे पडदे जरा फुगवूनच सांगतात, तुमचा फारच लाडावलेला दिसतोय.

इथवर वाचून तू म्हणशील, ठीक आहे, पडदा चुकला, किल्ली देऊन टाक, एवढा काय आरडाओरडा. दादा, गेल्या दोन महिन्यांत तू ह्या घरात राहिला नाहीस. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि रोज बघते. बाबा गॅसचं बटण बंद करतात, दारापर्यंत जातात आणि परत येऊन बघतात. गोळी घेतली का, हे आईला विचारतात. ती हो म्हणाली तरी रिकामं पाकीट चाचपतात. शाळेतल्या पोरांचे किस्से सांगताना एखादं नाव लगेच आठवलं नाही की पूर्वी 'अरे तो, कान मोठे असलेला' म्हणून पुढे जायचे. आता तिथेच थांबतात, आपल्याकडे बघतात आणि विषय बदलतात. येत्या सोमवारी तू त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेणार आहेस ना? त्याची ते तयारी करतायत. सकाळी आरशासमोर उभे राहून आजचा वार, तारीख, वर्ष म्हणतात, शंभरातून सात सात वजा करतात. परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखे. काल एके ठिकाणी चुकले तर दाढीचा ब्रश बेसिनवर आपटला. माणूस शाबूत होता, दादा. तू त्याला शंका लावून दिलीस आणि आता तो स्वतःच स्वतःवर पाळत ठेवून बसलाय.

आता हे पत्र का लिहिलं ते ऐक. परवा तिसरी टाकी भरताना मी बाबांना शेजारी बसवून नेलं. भागाकार मुद्दाम त्यांच्याकडूनच करून घेतला. त्यांनी तोंडी केला, अचूक केला, पडद्याकडे पाहिलं, आणि क्षणभर त्यांचा चेहरा इतका उजळला की मला रडू आलं. मी म्हटलं, बघा, तुम्ही काही विसरला नव्हता. किल्ली त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी थोडा वेळ धरली, मग माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, 'दादाशी बोललीस का? तो काय म्हणतो ते बघू.' तीन टाक्या मी तपासल्या, भागाकार त्यांनी केला, आणि तरी त्यांना तूच हवास. आयुष्यभर ह्या घरात असंच चाललंय आणि त्याचा मला किती राग आहे हे तुला कधीच कळणार नाही, पण आज तो राग गिळून मी तुझ्या पाया पडते. सोमवारची वाट बघू नकोस. पत्र मिळताच त्यांना फोन कर. माझं नाव नको, पडद्याचं पुराण नको. एवढंच म्हण, 'बाबा, तुम्ही बरोबर होतात, माझं चुकलं.' मी सांगून थकले. तू म्हणालास की ते त्यांना खरं वाटेल.

तुझीच,
ठमी