शेठचा पाय

बाबा, आपल्या घरात ससा आहे. तुम्ही असता तर आधी चष्मा कपाळावर चढवला असता आणि मग विचारलं असतं, "काहून वं? मांजर नव्हती भेटली?" तर ऐका. दादाची पोरगी, म्हणजे तुमची नात, शिकायला पुण्याला गेली. हॉस्टेलमध्ये ससा चालत नाही म्हणून पिंजऱ्यासकट तो आमच्याकडे ठेवून गेली. आता घरात आई आणि मी, दोघीच. मी रिटायर झाले, आई ऐंशीच्या पुढे गेली, आणि तिला वाटतं की या घरात शेवटचा शब्द अजून तिचाच आहे. तिने दारातच सांगितलं होतं, "हे जनावर आत आलं तर मी बाहेर." जनावर आत आलं. आई कुठेही गेली नाही. दोन्ही पाय पुढे घेऊन, पोट सोडून, गालफडं हलवत तो बसलेला बघून तिनेच त्याचं नाव ठेवलं, शेठ. गांधीबागेत गादीवर बसून तुम्ही विणलेल्या लुगड्याच्या काठावरून बोट फिरवणारा तो जाडा शेठ आठवतो ना, अगदी तसाच बसतो म्हणाली.

पण आईचं मन त्याच्यावर बसलं ते वेगळ्याच कारणाने. सशाला ओरडता येत नाही, बाबा. राग आला की तो मागचा पाय जमिनीवर आपटतो. धप्. एवढासा जीव, पण समोरच्या खोलीत आपटला तर स्वयंपाकघरात ऐकू येतं. पहिल्यांदा त्याने पाय आपटला तेव्हा आई पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. मला हाक मारून म्हणाली, "हा तर तुह्या बाबावानी रागावते वं." खरंच होतं ते. तुम्ही कधी आवाज चढवला नाही. राग आला की हातमागाच्या खड्ड्यात बसून पायाखालची पावडी अशी दाबायचा की आत फळीवरच्या कपबश्या वाजायच्या. वरणात मीठ कमी पडलंय, की शेठने लुगडं परत केलंय, की दादा शाळेतून पळालाय, हे आई त्या आवाजावरून ओळखायची. मला तो नुसता आवाज वाटायचा, तिला सगळं वाक्य ऐकू यायचं. आता त्या खोलीत खड्डा नाही, दादाने तो बुजवून वर चकचकीत टाइल्स लावल्या. त्या टाइल्सवर शेठ बसतो, आणि त्याची थाळी कोणी हलवली की पाय आपटतो. आई आतून म्हणते, "ऐकून राहिली बापा, ऐकून राहिली." हे कोणाला म्हणते ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या थंडीतली गोष्ट. आई मेथी निवडत बसली होती, शेठ खोलीभर फिरत होता. मोतीबिंदू काढला तरी आईला धड दिसत नाही, पण कान अजून तसेच आहेत. मध्येच म्हणाली, "याचा एक पाय वाजून नाही राहिला." मी पेपरातून डोकं न काढता म्हटलं, काहीतरीच काय वं आई. "काहीतरी नाही. काल मी त्याची थाळी उचलली, तरी बोलला नाही तो." मग मात्र मी पेपर खाली ठेवला. ससा मोठा लबाड असतो, दुखणं दाखवत नाही. आपण बघायला लागलो की असा मजेत बसतो, जणू काही झालंच नाही. मी दाराआड उभी राहिले तेव्हा दिसलं. डावा मागचा पाय तो टेकवत होता न टेकवल्यासारखा, आणि उडी मारताना सगळा भार उजव्यावर टाकत होता.

मी डॉक्टरचा पत्ता विचारायला फोन लावेपर्यंत आईने इलाज करून टाकला होता. हळद आणि तेल. तुम्हाला माहीत आहे, आईच्या लेखी हळद-तेलाने बरं होत नाही असं दुखणं देवाने बनवलेलंच नाही. शेठ अर्धा पिवळा झाला होता आणि फरशीवर पिवळ्या पायाचे ठसे उमटले होते. त्याला टोपलीत घातलं, वरून टॉवेल झाकला आणि सीताबर्डीला जायला ऑटो केला. ऑटोवाल्याने आरशातून टोपलीकडे दोनदा बघितलं आणि विचारलं, "काटोलचे आहेत का संत्रे?" तेवढ्यात टॉवेलातून दोन पिवळे कान वर आले. पुढचा सगळा रस्ता तो मागे वळून वळून हसत होता. मीच त्याला म्हटलं, दादा, जरा समोर बघा.

डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. तिने शेठला एक हात छातीखाली आणि एक हात बुडाखाली देऊन उचललं. मला म्हणाली, असंच उचलत जा, मागचं अंग लोंबतं ठेवलं आणि त्याने लाथ झाडली तर स्वतःचीच कंबर मोडून घेतो. मग विचारलं, "काकू, याची हळद झाली, लग्न कधी आहे?" मला तिथेच ती आवडली. पण टेबलावर शेठ दगड होऊन बसला. ढकललं तरी चालेना. तिने मांडी, गुडघा, घोटा सगळं हलवून पाहिलं, तळव्याची कातडी पाहिली, एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नव्हतं. तिने दुखण्याचं औषध दिलं, थेंबाथेंबाने तोंडात घालायचं. माणसाची गोळी नाही, बाम नाही, हळदही नाही. घरी तो चालत असताना व्हिडिओ काढून पाठवा म्हणाली, आणि रोज दोन्ही पाय मांडीपासून नखापर्यंत चाचपून बघा, दोन्हींत फरक लागतो का ते सांगा. शेवटी हसणं बाजूला ठेवून म्हणाली, "पायापेक्षा पोटाकडे लक्ष द्या. दुखतं म्हणून ससा खाणं सोडतो, आणि खाणं सुटलं की त्याचं पोट बंद पडतं. मग पाय राहिला बाजूला, ससाच हाती लागत नाही."

व्हिडिओचं काय झालं ते सांगते. शेठने चालावं म्हणून आई कोथिंबिरीची काडी घेऊन त्याच्यापुढे चालली. तो जागचा हलला नाही. फोनमध्ये पाहिलं तर आईचं लुगडं, आईच्या टाचा, आणि मागून आईचा आवाज, "ये ना बापू, ये ना." डॉक्टरांना मी तोच पाठवला. त्यांचं उत्तर आलं, आजी छान चालतात.

पण दुसऱ्या दिवशी हसणं सरलं. शेठने गवताला तोंड लावलं नाही. कोथिंबिरीकडे पाठ फिरवली. आईने ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. "त्यानं खाल्लं की खाईन." बाबा, तिला शुगर आहे, सकाळची गोळी घेतलेली. मी रागावले, हात जोडले, शेवटी ओरडले. ती भिंतीकडे तोंड करून बसली. तुमच्या मागे मी तिला अशी बसलेली पाहिली होती, आणि तेव्हा तिला जेवायला उठवता उठवता आम्ही सगळे थकलो होतो. मला भीती वाटली. एका सशासाठी आणि एका म्हातारीसाठी, दोघांसाठीही. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं तसा शेठचा सुका खाऊ पाण्यात भिजवून, वाटून, बिनसुईच्या सिरिंजने त्याच्या गालात भरला. अर्धा त्याच्या पोटात गेला, अर्धा माझ्या ड्रेसवर. तेवढा गेला हे दाखवल्यावर आईने चहात बिस्कीट बुडवलं. अर्धंच.

मग त्याचा पाय चाचपायला बसले. आईने त्याला पदरात घेतलं, त्याने तोंड तिच्या काखेत खुपसलं. मी केस बाजूला करून, टॉर्च लावून बघत होते. काही दिसेना. आणि एकदम मी आपल्या त्याच खोलीत लहान होऊन बसले आहे. मागावर लुगडं चढलेलं आहे, काठात कुठेतरी एक तार तुटली आहे आणि तुम्ही मला ती शोधायला बसवलं आहे. मी कापडाला नाक लावून शोधते आहे, सापडत नाही, रडायला आलं आहे. तुम्ही खड्ड्यातून वर न बघता म्हणता, "डोळ्यानं काय धुंडून राहिली? मीट डोळे. बोटाले विचार." मला तेव्हा इतका राग आला होता तुमचा. पण तार सापडली होती, आणि त्या आठवड्यात माल द्यायला गेलो तेव्हा तुम्ही मला परतताना तर्री पोहे खाऊ घातले होते. नाकातून पाणी येईपर्यंत तिखट.

मी टॉर्च बंद केला. डोळे मिटले. उजवा पाय मांडीपासून खाली, मग डावा. मांडी सारखी, गुडघा सारखा, घोटा सारखा. बोटांशी आले. डावीकडचं एक बोट गरम लागलं, फुगलेलं, आणि त्याच्या मुळाशी एक खाच. खाचेत एक केस, पण केसासारखा वाकत नव्हता. डोळे उघडून पाहिलं तर पुन्हा काही दिसेना, कारण शेठच्या अंगाचा रंग टसर रेशमाचा, फिकट बदामी, आणि त्या धाग्याचाही रंग टसरचा. मी आईचं बोट तिथे नेऊन ठेवलं. तिने एकदाच चाचपलं. मग म्हणाली, "हा तर आपला धागा आहे."

टाइल्सवर शेठचा पाय घसरतो, थंडीत त्याला गार लागतं, म्हणून आईने पेटीतून तुमचं ते कापड काढलं होतं. तुम्ही गेलात तेव्हा मागावर अर्धं राहिलेलं, शेजारच्या काकांनी कापून उतरवून दिलेलं. मी बोलेन म्हणून तिने ते बारदानाखाली लपवून अंथरलं होतं. विणकराच्या घरात मऊ म्हणजे टसर, आणि दुसरं काही मऊ असतं हे तिला पटतच नाही. कापलेल्या टोकाला गाठी नव्हत्या. शेठने खणलं, धागा सुटला, बोटाला गुंडाळला आणि उडीगणिक आवळत गेला. मी म्हटलं, आई, इतकी वर्षं जपलेलं, आणि सशाखाली? तिने माझ्याकडे पाहिलं. "पेटीत ठेवून काय करू? वाळवी खाईन. कोणाच्या तरी अंगाले लागू दे म्हटलं." आणि मग तिला रडू आलं, कापडासाठी नाही, सशासाठी.

धागा आम्ही ओढला नाही. तशीच टोपली उचलली. या वेळी आईही आली, मांडीवर टोपली घेऊन. डॉक्टरांनी बोट बधिर केलं, केस काढले, भिंग लावून बारीक कात्रीने धागा तुकड्या-तुकड्याने सोडवला. वैतागून म्हणाल्या, "काय मजबूत धागा आहे हो हा." आणि आई, जी इतका वेळ डोळे पुसत होती, ती ताठ बसली. "आमच्या मालकाच्या मागावरचा आहे," म्हणाली. मला हसू की रडू कळेना. डॉक्टरांनी मात्र खरं काय ते सांगितलं. बोट काळं पडलंय. रक्त परत फिरलं तर वाचेल, नाहीतर कापावं लागेल. आणि वाचलं तरी तो पाय पूर्वीसारखा जोर लावेल याची खात्री नाही.

मग वाट पाहणं. पट्टी, औषध, खाली रोज बदललेली जुनी सुती चादर, कडा नीट शिवलेली. एका सकाळी शेठने कोथिंबिरीची एक काडी ओढली. ती कुर्रकुर्र संपेपर्यंत आई मान वाकवून ऐकत होती, मग स्वतःच उठून तिने झुणका-भाकर घेतली आणि मिरची मागितली. हळूहळू बोट कोमट झालं, गुलाबी झालं. नख गळून गेलं, बोट राहिलं. पट्टी सुटली. शेठ चालायला लागला, खुर्चीखालून, पलंगाखालून, चारही पायांवर. मी आईला म्हटलं, झालं ना तुझ्या मनासारखं? ती म्हणाली, "चालते तो. बोलत नाही." थाळी उचलली तरी शेठ नुसता बघायचा. आईही मग थाळी उचलताना त्याच्याकडे बघेनाशी झाली.

संक्रांतीच्या सुमाराची सकाळ. आई आत तीळ भाजत होती. मी खोली पुसत होते, थाळी मध्ये आली म्हणून पायाने बाजूला केली. शेठ वळला. माझ्याकडे रोखून पाहिलं. धप्. आतला झारा थांबला. मीही पोछा हातात धरून उभी. पुन्हा, आणखी जोरात, धप्. फळीवर कपबशी वाजली, किंवा मला तसं वाटलं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तीळ करपत होते, तिला भान नव्हतं. "ऐकून राहिली बापा," ती म्हणाली, "ऐकून राहिली," आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. किती दिवसांनी मी तिला असं पोटातून हसताना पाहिलं. करपलेल्या तिळाचेच लाडू आम्ही खाल्ले, आणि शेजारीही वाटले.

तुमचं कापड पेटीत परत गेलं नाही. मी त्याच्या कडा दुमडून शिवून दिल्या, आणि आता सकाळी आई ते खांद्यावर घेऊन उन्हात बसते. शेठ तिच्या पायाशी असतो, कापडाकडे ढुंकूनही बघत नाही.

आईने आत्ताच विचारलं, "सकाळपासून काय लिहून राहिली वं?" मी म्हटलं, किराण्याची यादी. तुमच्याशी बोलायचा हक्क फक्त तिचा आहे असं तिला वाटतं, तर ते तसंच राहू द्या. हे कागद मी पिंजऱ्यात गवताखाली टाकीन, शेठ आवडीने खाईल. एक तेवढं तुम्हाला सांगते, तिला सांगू नका. हल्ली शेठ फार रागावतो. आई म्हणते, वय झालं त्याचं, चिडका झाला. वय-बिय काही नाही, बाबा. ती स्वयंपाकघरात गेली की मीच हळूच त्याची थाळी सरकवते.