नेहलची अठाई

१८ एप्रिल

नेहलचा घागरा पुन्हा शिंप्याकडे. दिवाळीतच शिवलेला! शिंपी म्हणाला, वहिनी, शिवणीत आता सोडायला कापडच नाही. अकरा वर्षांची पोर शेजारी उभी राहून ऐकत होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी आधी नातीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "छोरी ने संभाळ, नहीं तो थारी जिसी हो जासी."

थारी जिसी, तुझ्यासारखी. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून हेच ऐकतेय. सासूबाई स्वतः सडपातळ. दर पर्युषणात त्यांची अठाई ठरलेली — आठ दिवस नुसतं उकळलेलं पाणी. अख्ख्या शहाद्यात मोहनबाईंचं नाव आहे. त्यांच्यासमोर जेवायला बसले की मला माझा घास उगीच मोठा वाटतो.

मीही एकदा अठाई केली होती. वजन उतरलं, दिवाळीपर्यंत व्याजासकट परत आलं.

२१ एप्रिल

भांडी घासता घासता फुलवंताबाई म्हणाली, "मी बी तुमनाच घरनं खास, वहिनी. मंग मी कशी काडी ऱ्हायनू?"

खातो दोघी एकाच घरचं, काडी मात्र तीच. सासूबाईंकडे उत्तर तयार — फुलवंता राबते. मी काय दिवसभर झोपाळ्यावर झोके घेते?

२६ एप्रिल

आमच्या जैन स्थानकाच्या हॉलमध्ये शिबिर होतं. जाडी कोणाच्या अंगात का बसते, याचा अभ्यास. आमच्यासारख्या व्यापारी घरांतून लाळ घेतायत आणि धडगावकडच्या डोंगरी गावांतूनही. प्रिस्किला नावाच्या डॉक्टर आहेत, नवापूरकडच्या आदिवासी गावातल्या. हसतमुख बाई.

त्यांनी समजावलं. शरीरात काही जनुकं भुकेचा कारभार बघतात. कोणाकोणाच्या जनुकात बारीकसा बदल असतो, मग पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे उशिरा पोचतो. असे बदल पुष्कळ आहेत, एकेकाचा हिस्सा लहान. "आणि हे शोधलं बहुतेक युरोपच्या लोकांत. तिथला हिशोब इथे जसाच्या तसा लागत नाही. तुमच्या समाजात एखादा बदल जास्त असेल, आमच्या डोंगरात कमी. आमच्या लोकांचं तर कोणी धड पाहिलंच नाही अजून."

मी लगेच नमुना दिला. आश्चर्य म्हणजे सासूबाईही पुढे झाल्या! मोठ्याने म्हणाल्या, म्हारो भी देखो, म्हारे खानदान में कांई नहीं मिलसी.

म्हणजे दोष माझ्या माहेरचा, हे आता कागदावर यावं म्हणून.

नेहलची तपासणी त्यांनी केली नाही. लहान मुलांची करत नाहीत म्हणाल्या.

१२ जून

शाळा उघडली. नेहल डबा तसाच परत आणते.

२९ जुलै

ज्यांना निकाल हवा होता त्यांना एकेकट्याला आत बोलावलं. त्यांनी बघितलेल्या बदलांपैकी एक माझ्यात दुहेरी आहे. आईकडून एक, वडिलांकडून एक. मी विचारलं, मग नेहलला? डॉक्टर म्हणाल्या, तुमच्याकडून एक तर गेलाच असणार. पण त्यावरून ती जाड होईलच असं कोणी सांगू शकत नाही. तिला उपाशी ठेवू नका, हिणवू तर मुळीच नका.

मला एकाच वेळी हलकंही वाटलं आणि रडूही आलं. इतकी वर्षं मी स्वतःला अधाशी समजत होते. आणि तेच पोरीच्या अंगात घालून ठेवलंय, हे कळल्यावर कसला सुटकेचा श्वास घ्यायचा?

सासूबाई माझ्यानंतर आत गेल्या. बाहेर आल्या त्या थेट रिक्षात जाऊन बसल्या. काय निघालं ते मी विचारलं नाही.

९ ऑगस्ट

नेहलने आज जेवताना जाहीर केलं — "या पर्युषणात दादी जितके उपवास करेल तितके मी करणार. मग मी दादीसारखी दिसेन."

नेहलचे पप्पा, पारस, एकदम खूश. दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही सांगून आले, पोरगी अठाई करणार! वरघोड्यात, तपस्व्यांच्या मिरवणुकीत, तिला बग्गीत बसवायचं म्हणे.

तिला दिसायचंय दादीसारखं, तप कसलं करतेय? पण मी नाही म्हणू शकत नाही. कोणाच्या तपाच्या आड येणं म्हणजे अंतराय, मोठं पाप. लहानपणापासून हेच शिकलोय सगळे. पारसना म्हटलं, ती अकरा वर्षांची आहे. म्हणाले, तिचे तपाचे भाव चढते आहेत, तू मोडता घालू नकोस.

मला भीती वाटते. आठ दिवसांची नाही. त्यानंतर जी भूक लागेल आणि जी लाज वाटेल, त्याची. दोन्ही मला पाठ आहेत.

१७ ऑगस्ट

स्वयंपाकघरात सासूबाई आणि मी दोघीच. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हारे भी दो है."

मला आधी कळलंच नाही.

"डॉक्टरणी बोली. थारे जिसा ही." त्यांनी भाजीची दुसरी जुडी सोडली. मग — "चाळीस बरस पेट भर कोनी जीमी, बींदणी. लोग तपस्या केवे."

चाळीस वर्षं पोटभर जेवण नाही, आणि लोकांच्या लेखी ते तप! इतकी वर्षं मी या बाईचा राग केला. आणि ती रोज माझ्यासमोर भुकेली उठत होती.

मला वाटलं, आता नेहलला चार शब्द सांगतील. नाही सांगितले. त्यांच्या तोंडून तरी अंतराय कसा निघणार?

२० ऑगस्ट

उद्या पर्युषण. नेहलने दादीच्या पातेल्याशेजारी आपलं छोटं पातेलं ठेवलंय, पाणी उकळायला. मी दोन्ही घासून ठेवली. दुसरं काय करणार?

२१ ऑगस्ट

स्थानकात पच्चक्खाण, म्हणजे उपवासाचा नेम, घ्यायला बायका एकेक करून उभ्या राहिल्या. सासूबाई उठल्या नाहीत. मागून कुजबुज झाली, कोणीतरी त्यांच्या खांद्याला हातही लावला. त्या बसूनच. नेहल अर्धवट उठली होती. दादीकडे बघत राहिली, मग हळूच खाली बसली.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, गट्टे री सब्जी कर, म्हारी और छोरी री थाळी साथे परोस. दोघी शेजारी शेजारी जेवल्या. नेहलचा हात दुसऱ्या पोळीशी थांबला. तेव्हा सासूबाईंनी स्वतःसाठी तिसरी मागितली.