संध्याकाळपर्यंत परत

६ एप्रिल

सौ. कारभारीणबाईंस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल दुपारी सुखरूप पोहोचलो. घाटात गाडी लागली नाही, तू दिलेल्या गोळ्या तशाच परत आणीन. तुझ्या खुब्याचं कसं आहे ते आधी कळव. काठीशिवाय न्हाणीत जाऊ नकोस. तू बरी आहे असंच लिहिणार हे मला माहीत आहे, म्हणून शेजारच्या वहिनींनाही वेगळं पत्र टाकलं आहे.

गाव फार शांत आहे. इथे गाड्यांना भोंगा वाजवायची बंदी आहे. बस सुटायच्या आधी कंडक्टर खाली उतरतो, गाडीभोवती फेरी मारून हाक देतो आणि मगच दोरी ओढतो. जन्मभर मी तेच काम केलं, तरी उभा राहून पाहत राहिलो. रस्ते थोडे आणि पायऱ्याच जास्त. तुला इथे आणायचं म्हटलं असतं तर पंचाईत झाली असती.

जावईबापू न्यायला आले होते. स्टँडपासून घरापर्यंत आम्ही थंडीबद्दल आणि तुझ्या खुब्याबद्दल बोललो. आपल्या लेकीचं नाव दोघांनीही काढलं नाही. दारामागे तिची छत्री अजून टांगलेली आहे.

मुंगी उंच झाली आहे. तुला राग येईल, पण आधीच सांगतो, तिचे केस कापून पोरासारखे बारीक केले आहेत. बापाला वेणी जमेना. रोज एक बाजू वर आणि एक बाजू खाली व्हायची, म्हणून तिनेच कापायला सांगितले म्हणे. शाळेला सुटी आहे. जावईबापू रोपवेवर यंत्र चालवायला गेले की पोर दिवसभर एकटी असते. गळ्यात दोऱ्याला घराची किल्ली. दूध स्वतःच तापवून घेते. सात वर्षांच्या मुलीने स्टूलवर चढून गॅस पेटवलेला मला बघवला नाही. तिला कायमची आपल्याकडे न्यायची असं आपण ठरवलं, ते बरोबरच आहे.

जावईबापूंशी लगेच बोलत नाही. दोन-चार दिवस जाऊ देतो. तोवर मुंगी मला गाव दाखवणार आहे. तिच्या मते आजोबांना इथे एकटं सोडणं धोक्याचं आहे.

प्रकृतीस जप. माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे.
तुझा,
कंडक्टर


१० एप्रिल

ती. स्व. कंडक्टरसाहेबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वहिनींना पत्र टाकून माझ्यावर पहारा बसवल्याबद्दल आभारी आहे. त्या आता दिवसातून चारदा येऊन मला उठू नका सांगतात आणि चहा पिऊन जातात. खुबा बरा आहे. खरंच बरा आहे. डॉक्टर म्हणाले महिनाअखेर काठीवर जिन्यापर्यंत जाता येईल.

केसांचं वाचून मी पत्र खाली ठेवलं. काय हो केस होते पोरीचे! आईसारखेच. आणि तुम्ही लिहिता की तिनेच सांगितले. सात वर्षांची पोर काय सांगते आणि तुम्ही काय ऐकता! उद्या ती म्हणेल शाळेत जात नाही, मग तेही ऐकणार का?

तुम्हाला मी गाव बघायला पाठवलेलं नाही. तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. तुम्ही दोन-चार दिवस म्हणाल, मग आठवडा जाईल, मग जावईबापूंचा चेहरा बघून गप्प बसाल. ते वाईट नाहीत, हे मीही म्हणते. पण बाईमाणूस नसलेल्या घरात पोर वाढते आहे आणि इथे आपण दोघं रिकाम्या घरात भिंतींकडे बघत बसलो आहोत. याला काही अर्थ आहे का? सरळ विचारा. हो म्हणाले तर सोन्याहून पिवळं. नाही म्हणाले तर मुंगीला चार दिवसांसाठी म्हणून घेऊन या. एकदा ती इथे रुळली की तेही समजून घेतील.

तुम्हाला हे आवडणार नाही. मलाही आवडत नाही. पण आपली पोर गेली, तिला धरून ठेवायला मी तिथे नव्हते. नात तरी माझ्या डोळ्यांसमोर असू दे.

लिहिण्यात जास्त-उणं झालं असल्यास घरी आल्यावर रागवा. आधी या.
तुमची,
कारभारीण


१५ एप्रिल

सौ. कारभारीणबाईंस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू लिहिलेलं सगळं खरं आहे.

मी गाव बघत फिरलो हेही खरं. मुंगी सकाळी न्याहारी झाली की चपला घालून दारात उभी राहते. पहिल्या दिवशी काचघर दाखवलं. आत नेचे आहेत आणि इतकी ओल की माझ्या चष्म्यावर वाफ धरली. मी आंधळ्यासारखा चाचपडत असताना ती माळ्याला सांगत होती की हे माझे आजोबा, यांना काही दिसत नाही, पण स्वभावाने बरे आहेत. मग पेंढा भरलेल्या पक्ष्यांचं संग्रहालय झालं. तिथलं घुबड एका डोळ्याने काणं आहे आणि रखवालदार मुंगीला आत फुकट सोडतो. तळ्यावर होडी वल्हवली. मला वल्हं उलट धरल्याबद्दल बोलणी बसली. या गावात ज्याला त्याला ती ओळखते. ब्रेडवाला तिला कडा काढून देतो. शेजारच्या शिक्षिकाबाई खिडकीतून तिच्यावर लक्ष ठेवतात, हे मला नंतर कळलं. पूर्ण एकटी नसते हे तुला सांगायला हवं.

परवा तिने मला रोपवेने वर नेलं. पाळणा यंत्राच्या खोलीसमोरून सरकतो तेव्हा आत जावईबापू लिव्हर धरून बसलेले दिसतात. पोरीने काचेला नाक चिकटवलं. त्यांनी मान वळवली नाही, फक्त मोकळ्या हाताची दोन बोटं वर केली. तिनेही केली. कामावर असताना इतकीच परवानगी आहे, असं तिने मला समजावून सांगितलं.

काल मी विचारलं. ते ताटं पुसत होते. मी म्हटलं, मुंगीला आमच्याकडे पाठवा, तिला माणसांत राहू दे, तुम्हालाही मोकळीक मिळेल. त्यांनी नाही म्हटलं. एकच शब्द. मग उरलेली ताटं पुसली आणि म्हणाले, मोकळीक घेऊन मी काय करू? चार दिवसांसाठी तरी, असं मी म्हटलं. तर म्हणाले, चार दिवसांचं मला कळतं, बाबा.

मला तो माणूस समजतो. पण स्टूलवर चढलेली पोरही डोळ्यांसमोरून जात नाही आणि तूही. तेव्हा मी ठरवलं आहे. मंगळवारी त्यांची पाळी लांब आहे. घाटात थोडं खाली एक धबधबा आहे, तो तेवढा बघायचा राहिला आहे. तो बघायला म्हणून मुंगीला घेऊन सकाळच्या बसमध्ये बसतो. बाबांना सांगितलं आहे असं तिला सांगेन. खाली पोहोचल्यावर जावईबापूंना फोन करीन.

हे पत्र कुणाला दाखवू नकोस. आशीर्वाद आहेतच, त्यात आज थोडा धीरही धर.
तुझा,
कंडक्टर


१८ एप्रिल

ती. स्व. कंडक्टरसाहेबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मंगळवार म्हणजे हे पत्र तुम्हाला आदल्या दिवशी मिळेल.

कपडे घेऊ नका, संशय येईल. इथे मी फ्रॉक शिवायला घेतले आहेत. बसल्या बसल्या मशीन चालवता येतं, खुब्याला काही होत नाही. मापाचा अंदाज नाही म्हणून शिवण आत जास्त सोडली आहे. खिडकीजवळच्या खाटेवर गादी घालून घेतली. वहिनींनी कोण येणार म्हणून विचारलं, मी म्हटलं कोणी नाही, ऊन दाखवते आहे.

जावईबापू घरी येतील आणि दार बंद असेल, एवढंच सारखं मनात येतं. पण ते मनात आणून आपल्याला चालायचं नाही. तुम्हीही आणू नका. घाटात तिला खिडकीशी बसवू नका, गार वारा लागेल.

बाकी काही लिहवत नाही. दोघं या, मग पोटभर बोलू.
तुमची,
कारभारीण


२२ एप्रिल

सौ. कारभारीणबाईंस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज तू वाट बघितली असशील. आम्ही आलो नाही. फोनवर मला एवढंच बोलता आलं की येत नाही. का ते लिहितो, कारण तुझ्यासमोर बसून मला सांगता येणार नाही.

सकाळच्या बसला बसलो. कंडक्टर तरुण होता. मी दीड तिकीट मागितलं, थेट खालच्या स्टँडचं. त्याने मुंगीला विचारलं, कुणाबरोबर? मीही विचारायचो, लहान मूल एकाच मोठ्या माणसाबरोबर असलं की विचारायचंच. तिने ऐटीत सांगितलं, हे माझे आजोबा, आम्ही धबधब्याला चाललोय, बाबांना माहीत आहे. कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, तिकिटाकडे पाहिलं आणि पुढे गेला. निवृत्त झाल्यापासून मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

धबधब्याचा थांबा आला आणि गेला. मुंगी म्हणाली, आजोबा, थांबा मागे राहिला. आणि हसली. म्हणाली, तुम्ही कंडक्टर होता ना, मग थांबा कसा चुकला? मी म्हटलं, आपण जरा पुढे जाऊन येऊ, संध्याकाळपर्यंत परत. हे ऐकल्यावर तिचं हसणं थांबलं.

घाट मध्यावर अरुंद आहे. तिथे फाटक आहे. खालून येणारी गाडी पोहोचेपर्यंत वरच्या गाडीने थांबायचं. मग दोन्ही कंडक्टर रस्ता मोकळा असल्याचे लोखंडी बिल्ले बदलतात आणि फाटक उघडतं. आम्ही थांबलो. मुंगी खिडकीबाहेर बघत म्हणाली की दवाखान्यात नेताना आईची गाडीही इथेच थांबली होती, बाबांनी सांगितलंय. खालून बस येत होती म्हणून. आईने निघताना तिला सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत परत येते.

तेवढ्यात तिने गळ्यातला दोरा काढला आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाली, आपल्याला उशीर होणार असेल तर ही वर जाणाऱ्या कंडक्टरकाकांकडे द्या. घराला एकच किल्ली आहे, बाबा बाहेर राहतील. ती रडत नव्हती. कुठे चाललो आहोत हेही विचारत नव्हती. मोठी माणसं संध्याकाळपर्यंत म्हणतात तेव्हा काय करायचं असतं, ते तिने स्वतःपुरतं ठरवून ठेवलं आहे, असं मला दिसलं.

खालची गाडी येऊन शेजारी उभी राहिली. मी मुंगीचा हात धरला, उतरलो आणि त्या गाडीत चढलो. आमचा कंडक्टर खालून बघत होता. त्याने फाटकापाशी जाऊन दुसऱ्याला थांब म्हणून हाताने खूण केली, आम्ही बसेपर्यंत.

जावईबापू घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. लपवायचं म्हटलं असतं तर लपलं असतं. त्यांनी एकच विचारलं, कुठे उतरलात? फाटकाशी म्हटल्यावर गॅस बंद केला आणि खाली बसले. मग म्हणाले, बाबा, तुम्ही उद्या निघा. तिला मी आता तुमच्याबरोबर एकटं सोडू शकणार नाही. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा आपण दोघांनी मिळून तिला कायमची गमावली असेल, हे तुला माहीत असावं. तू सुचवलंस म्हणून नव्हे. बसमध्ये मी चढलो होतो.

उद्या निघतो. वाटेत धाकट्या भावाकडे थांबून शनिवारी घरी येतो, म्हणजे हे पत्र माझ्याआधी तुझ्या हातात पडेल. रागवायचं असेल तर रागव, दार तेवढं उघड.
तुझा,
कंडक्टर


२७ एप्रिल

चि. जावईबापूंस,
अ. उ. आ. वि. वि.

तुम्हाला पत्र लिहिण्याचं तोंड मला नाही. तरी लिहिते. हे काल आले. जेवले, पेपर उघडला, तेच पान संध्याकाळपर्यंत समोर धरून बसले.

तुम्हाला न सांगता मुंगीला आणण्याचं डोकं माझं. ते तसे नाहीत, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांच्या हातून माझं काम झालं नाही, याबद्दल काल मी त्यांना वाटेल ते बोलले. मग फाटकापाशी काय झालं ते त्यांच्या पत्रात पुन्हा वाचलं. तुमची गाडी तिथे अडली होती, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत. आम्ही खाली दवाखान्याच्या दारात उभे होतो आणि उशीर का झाला म्हणून मी तुम्हाला बोलले होते. सगळ्यांसमोर. तुम्ही ऐकून घेतलंत.

मुंगी तुमच्याजवळच राहू दे. यापुढे मी ते मागणार नाही, आडून नाही आणि सरळही नाही. एक मात्र विचारते. मला तिला बघायला वर यायचं आहे. तुम्ही समोर असतानाच भेटेन. मी काठीवर चालते, पोरीला पळवून न्यायची ताकद माझ्यात उरलेली नाही, त्यामुळे तेवढी काळजी नको. नाही म्हणायचं असेल तर तसं कळवा, मी समजेन.

केसांबद्दल काहीही बोलणार नाही, शब्द देते.

तुमचा लोभ मागण्यासारखं मी काही केलेलं नाही. माझा मात्र तुमच्यावर आहे.
तुमच्या,
सासूबाई


२ मे

ती. सौ. आईंस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. उत्तर द्यायला वेळ लागला.

दवाखान्यात तुम्ही बोललात ते माझ्या लक्षात नाही. त्या दिवसाचं मला फाटकच आठवतं.

या. बाबांनाही आणा. पुढच्या आठवड्यात मला दोन दिवस सुटी आहे. बसमध्ये डोंगराच्या बाजूची जागा घ्या, वळणांचा त्रास कमी होतो. पायऱ्या तुम्हाला जमणार नाहीत, हे मुंगीला सांगितलं आहे. ती सध्या आजीला नेण्यासारख्या सपाट जागा हेरत फिरते आहे. काचघर पक्कं झालं. घुबडाबद्दल रखवालदाराशी बोलणं चालू आहे, त्याने काचपेटी पायऱ्यांवरून खाली आणावी असं तिचं म्हणणं आहे.

बाबांशी ती पूर्वीसारखीच बोलेल. त्यांनी तिला परत आणलं, एवढंच ती सांगते.

माझी एकच अट आहे. कधी येता ते नाही कळवलंत तरी चालेल. पण कोणत्या दिवशी जाणार, ते आल्या आल्या तिच्यासमोर सांगा, आणि त्याच दिवशी जा.

काठी आणायला विसरू नका. वाट बघतो.
आपला,
जावई