मावशीची झोळी

४ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. मला काही हवं असलं की मी एवढं रीतसर लिहिते, हे तुला पाठ आहेच. तेव्हा हसून घे आणि पुढे वाच.

आमच्या प्राण्यांच्या आश्रयस्थानात गेल्या महिन्यात एक म्हातारी अस्वलीण आली. अठरा वर्षं रस्तोरस्ती नाचली. मागच्या पायांचे सांधे गेले, तशी मालकाने सोडून दिली. आम्ही तिला मावशी म्हणतो, कारण येणाऱ्या प्रत्येकाकडे ती जेवलास का असं विचारल्यासारखी बघते.

फरशीवर झोपली की उठताना कण्हते. लाकडाचा ओटा करून दिला, तो तिने चार दिवसांत फोडला. डॉक्टर म्हणाले, हिला टांगती झोळी हवी आणि ती बंबाच्या जुन्या पाइपांची विणली तर दातांनीही तुटणार नाही. बंबाचा पाइप म्हटल्यावर मला तुझ्याशिवाय कोण आठवणार? कारखान्यात आग विझवायचं खातं पंचवीस वर्षं सांभाळतोस. दाबाच्या चाचणीत नापास झालेले पाइप तुम्ही टाकूनच देता ना? मग एका म्हाताऱ्या बाईला दे की.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे हे गृहीत धरूनच मागते आहे.

तुझी,
ठकी

१२ फेब्रुवारी

चि. ठकीस,

अ. आ. आणि मागणी मंजूर.

नापास पाइप सतरा निघाले. आमच्या सामाजिक बांधिलकी विभागाच्या मॅडमना विचारायला गेलो, तर त्या आनंदाने खुर्चीतून उठल्याच. वृद्धाश्रमाला ब्लँकेटं देऊन झाली, शाळेला दप्तरं देऊन झाली, यंदा वन्यजीवांसाठी काही करायचं त्यांच्या मनात होतंच. तुमच्या अकराही जनावरांचं खाणं आणि डॉक्टर तीन वर्षं कंपनीकडे, असं म्हणाल्या. फक्त ३० मार्चला तुमच्याकडे रीतसर कार्यक्रम व्हायला हवा. मोठे साहेब, दीडशे कामगार, बॅनर, भाषण. मी हो म्हणून आलो.

रविवारी आम्ही पाच जण विणायला बसतो. पाणी नसलं की पाइप पट्ट्यासारखा चपटा होतो, त्यामुळे वीण छान बसते. छान म्हणजे आम्हाला वाटली. कॅन्टीनच्या काकूंनी पहिल्याच दिवशी सगळी उसवली. ही झोळी आहे की चाळणी, अस्वल खाली गळेल, म्हणाल्या. आता त्या हुकूम सोडतात आणि आम्ही ओढतो. बंबाचा ड्रायव्हर दर गाठीला मावशीचं वजन विचारतो आणि ऐकून कपाळाला हात लावतो. मी मात्र गाठ मारताना मनात देवाचं नाव घेतो. कुणाला सांगू नकोस, चिडवतील.

२३ तारखेला झोळी टांगायला येतो. तब्येत सांभाळ, उभ्याने जेवू नकोस.

तुझा,
दादा

२५ फेब्रुवारी

चि. ठकीस,

अ. आ. आशीर्वाद लिहायचा धीर होत नाही, पण हाताला सवय आहे.

परवा ते झालं तेव्हा तू औषधांच्या खोलीत होतीस. तुझ्या माणसांवर ठपका येऊ नये म्हणून नेमकं काय झालं ते मीच सांगतो.

झोळी टांगून आम्ही जाळीबाहेर आलो. मावशी आली, वास घेतला, एक पंजा टाकला, मग दुसरा, आणि चढली. आमच्याकडे काम फत्ते झालं की टाळ्या वाजवायची रीत आहे. पहिली टाळी माझी, मग सगळ्यांच्या.

ती झोळीतून उतरली. मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि नाचायला लागली. कण्हत होती आणि नाचत होती. ड्रायव्हरला वाटलं, खूश होऊन नाचते आहे. तो आणखी जोरात वाजवायला लागला, तेव्हा काकूंनी त्याचे हात धरले. टाळ्या थांबल्या तरी ती थांबेना. एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, पुरे झालं का म्हणून.

घरी आल्यावर देवापुढे बसलो, तर दोन तळवे एकमेकांजवळ आणवेनात.

तुझा,
दादा

२८ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. आणि तुझ्या त्या दोन तळव्यांनाही नमस्कार.

तुला माहीत नव्हतं. इथे आम्ही टाळी वाजवतच नाही, त्यामुळे नव्या माणसाला सांगायचं असतं हेच मी विसरले. दोष घ्यायचाच असेल तर अर्धा माझ्या वाट्याला ठेव. काकूंचा फोन आला होता, तू डबा तसाच परत नेतोस म्हणाल्या. नीट जेव, नाहीतर वहिनीकडे तक्रार जाईल आणि मग तुझं काही खरं नाही.

खोटं सांगत नाही, मावशी झोळीकडे फिरकत नाही. फरशीवर कोपऱ्यातच झोपते. तिथे चढलं की नाचावं लागतं, असं तिने मनाशी धरलं असावं.

त्यामुळे ३० तारखेचा कार्यक्रम नको. तसं मॅडमना सांगितलं. त्या वाईट नाहीत रे, पण त्यांच्या कागदावर कार्यक्रम नाही तर मदतही नाही. मदत गेली तर डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतील आणि अकरा जनावरांना ते पुरणार नाही. तरीही पुढच्या आठवड्यात नकाराचं पत्र पाठवते. तू मध्ये पडू नकोस, तुझी नोकरी अजून बरीच आहे.

रागावले नाही, हे पुन्हा एकदा लिहिते.

तुझी,
ठकी

६ मार्च

चि. ठकीस,

अ. आ. नकाराचं पत्र थांबव. मी मध्ये पडलो.

मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये मी आजवर फक्त आग विझवायचं नळकांडं बदलायला गेलोय. या वेळीही एक बरोबर नेलं, नाहीतर बाहेरच्या बाईंनी आत सोडलं नसतं. नळकांडं मांडीवर धरूनच सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, टाळ्या वाजवू नका अशी ताकीद देऊ. मी म्हटलं, तिला टाळीच लागते असं नाही, ती तोंडं बघते. दीडशे तोंडं समोर दिसली की ती उभी राहील.

मग जे बोलायचं ठरवलं नव्हतं तेही तोंडून गेलं. गेल्या वर्षी दप्तरं वाटली तेव्हा मी तिसऱ्या रांगेत होतो. मुलं दोन तास उभी होती. गाणं म्हणून झालं की आमच्याकडे बघायची, पुरे झालं का म्हणून. तेव्हा मला ते गोड वाटलं होतं. साहेबांना म्हटलं, देणार आपण आणि नाचायचं त्यांनी, हे मला आता बघवत नाही.

मी नोकरी गेल्याचा हिशेब मनात मांडून मोकळा झालो. मग त्यांनी विचारलं, एकच माणूस आला तर तिला जड जाईल का? गप्प बसणारा असेल तर चालेल, म्हटलं. १३ तारखेला ते एकटे येतील. बघतो आणि ठरवतो, एवढंच म्हणाले. मावशी झोळीत गेलीच नाही तर त्यांना दाखवायला आपल्यापाशी काही नाही, हे मला कळतं. त्या दिवशी इथे पाइपांची चाचणी आहे, मला येता येणार नाही. इथूनच हात जोडीन. जुळतात आता, थोडे थोडे.

तुझा,
दादा

१३ मार्च

ती. दादास,

सा. न. साहेब आत्ताच गेले, म्हणून घाईने लिहिते.

एकटेच आले. बूट करकरतात म्हणून दारातच काढून ठेवले आणि जाळीपासून दूर, एका पालथ्या बादलीवर बसले. पहिला तासभर मावशी कोपऱ्यातून हलली नाही. साहेबांना शिंक आली, ती त्यांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबली. मला मात्र वाटलं, संपलं सगळं.

मग ती उठली. कण्हत झोळीपाशी आली, एक पंजा वर ठेवला आणि थांबली. मान वळवून आमच्याकडे बघायला लागली, आधी माझ्याकडे, मग साहेबांकडे. दादा, ती वाट बघत होती. साहेबांनी मान खाली घातली. त्यांना ते कुणी सांगितलं होतं कोण जाणे, मी तरी नाही. मग मीही खाली बघितलं. वर्गाबाहेर उभ्या केलेल्या दोन पोरांसारखे आम्ही मातीकडे बघत बसलो.

थोड्या वेळाने पाइप ताणल्याचा आवाज आला. तरी वर बघायचं धाडस होईना. शेवटी बघितलं तर ती झोळीत होती. आमच्याकडे पाठ करून झोपली होती.

फाटकापाशी साहेब म्हणाले, इतकी वर्षं मदत देतोय, पण माझ्याकडे पाठ करून निवांत झोपलेलं आजवर मी कुणाला बघितलं नव्हतं. कार्यक्रम रद्द, मदत पुढच्या महिन्यापासून सुरू. मॅडमशी तेच बोलणार आहेत. यंदाची दप्तरं मुलं यायच्या आधी बाकांवर ठेवून येऊ, असंही पुटपुटले. मग बूट हातात घेऊनच गाडीपर्यंत गेले.

मावशी अजून झोपली आहे, घोरते आहे. खिडकीतून मला तिची नुसती पाठ दिसते, केवढी मोठी, सावकाश वरखाली होणारी. तिला आज कुणाच्याच तोंडाकडे बघायचं नाहीये.

रविवारी ये, पाचही जण या. लोभाचं काही लिहीत नाही, तो या पाइपांत विणलेला मला इथून दिसतोच आहे.

तुझी,
ठकी