आईच्या खोलीतल्या ओलीचा बंदोबस्त

४ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहिणार. उगाच मन मोकळं करायला नाही, कामासाठी. आईच्या खोलीत पलंगामागच्या भिंतीवर डाग आलाय. ताटाएवढा. हात लावला, गार. वास घेतला, कुबट. पाऊस जाऊन कित्येक महिने झाले, नळाची लाइन त्या भिंतीतून जात नाही, छप्पर ठणठणीत आहे. म्हणजे केस गुंतागुंतीची आहे. मला अशाच केसेस आवडतात.

मी विचार करतोय तेवढ्यात बायकोने दादाला फोन करून सगळं सांगून टाकलं. दादा म्हणाला, आईची छाती आधीच नाजूक, डॉक्टरांनी ओलीत झोपायचं नाही म्हणून बजावलंय, महिनाअखेरपर्यंत भिंत कोरडी झाली नाही तर मी आईला माझ्याकडे नेणार. मी म्हटलं, महिनाअखेर कशाला, पंधरवडा पुरे. दादाच्या घरी लिफ्ट आहे, गॅलरी आहे, सगळं आहे, पण आई माझ्याकडे आहे. तेच त्याला सलतं. आई कुठेही जाणार नाही.

संध्याकाळी डोकं शांत करायला वाफ्याला पाणी घातलं. हा वाफा मी खास आईसाठी केलाय. तिच्या खिडकीखाली, थेट भिंतीला टेकून, गुडघाभर माती टाकून. शेवंती लावलीये. आई आतून बोलत होती, मी बाहेर पाइप धरून. तिने विचारलं, झाडांना रोज लागतं का रे एवढं पाणी? मी म्हटलं, लागतं. ती म्हणाली, मग ये रोज.

७ फेब्रुवारी
ओल मोजायचं मीटर मागवलं होतं, ते आलं. दोन टोकं टेकवायची. कोरडं असेल तर हिरवा दिवा, ओलं असेल तर लाल आणि वर पीं पीं. आईच्या भिंतीला लाल. हॉलच्या भिंतीला हिरवा. टॉवेलला लाल. उशीला हिरवा. पावाला लाल. बायकोच्या हाताला लाल. ती म्हणाली, झालं असेल तर आता भिंतीचं बघ. या घरात संशोधनाला वाव नाही.

बायकोचं म्हणणं, तोवर आईंना आपल्या खोलीत झोपवू, आपण हॉलमध्ये पडू. मी साफ नाही म्हटलं. म्हणजे दादाला आयतंच सापडायचं.

वाफ्याला पाणी.

९ फेब्रुवारी
गवंडी येऊन गेला. भिंत ठोकली, कान लावला, बाहेर जाऊन वाफ्यापाशी उभा राहिला. मग विचारलं, इथे पाणी कोण सोडतं? मी म्हटलं, कोणीच नाही, पाऊस तर केव्हाचा गेला. तेव्हा माझं झाडांना पाणी घालणं चालू होतं, त्यामुळे त्याच्याकडे नीट लक्ष देता आलं नाही. तो माझ्या हातातल्या पाइपाकडे बघून हसला आणि येतो म्हणून गेला. आता फोन उचलत नाही. लोकांना कामच नको झालंय.

ठरलं. स्वतः करणार.

१० फेब्रुवारी
चोर सापडला!

वाफ्याची माती जरा बाजूला सारून भिंतीचा तळ तपासला. बाहेरची भिंत नुसत्या विटांची, आणि तिच्या अगदी खालच्या ओळीत ठरावीक अंतरावर दोन विटांमध्ये उभी फट सोडलेली. सिमेंट भरायचं राहूनच गेलंय. आणि किती समान अंतरावर! ज्याने बांधलं त्याने आळससुद्धा शिस्तीत केलाय. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. भिंतीत पाणी इथूनच शिरणार, दुसरं कुठून?

सगळ्या फटी सिमेंटने बुजवल्या. बोटाने गुळगुळीत केल्या. माती परत लोटून वर पाय देऊन दाबली. कमरेचे बारा वाजले, पण जीव भांड्यात पडला. खुशीत आज पाणी जरा जास्तच घातलं. आईला खिडकीतून सगळं समजावलं. ती म्हणाली, लहानपणीसुद्धा तू असाच चिखलात खेळायचास.

१४ फेब्रुवारी
आतून वॉटरप्रूफ पेंट मारला. डब्यावर लिहिलंय, पेंट मारण्यापूर्वी भिंत पूर्ण कोरडी असावी. अहो, कोरडी असती तर तुमचा डबा कशाला आणला असता? दोन हात मारले. डाग गायब. फोटो काढून दादाला पाठवला. त्याने नुसता अंगठा पाठवला. जळतो.

१८ फेब्रुवारी
पेंटला फुगे आलेत. बायको म्हणाली, कांजिण्या झाल्यासारखी दिसतेय भिंत. मी सांगितलं, पेंट आतली ओल बाहेर खेचतोय, हे चांगलं लक्षण आहे. तिने एक फुगा बोटाने दाबला. आतलं पाणी ओघळत पलंगापर्यंत आलं. हेही चांगलंच लक्षण आहे, पण ती ऐकायला थांबली नाही.

डाग ताटाचा आता परातीएवढा झालाय. आई खोकतेय. विचारलं तर म्हणाली, घशात काहीतरी अडकलंय.

वाफ्याला पाणी. शेवंती मात्र काय तरारलीये!

२८ फेब्रुवारी
दादा आला. भिंतीकडे बघितलं, आईचा खोकला ऐकला, मग माझ्याकडे बघितलं. मी मीटर काढून ओल कशी आटोक्यात येतेय ते दाखवायला गेलो, तर ते मेलं भिंतीपासून हातभर लांब असतानाच पीं पीं करायला लागलं. दादा म्हणाला, आई, बॅग भर.

आईने बॅग भरली. औषधं, चष्मा, दोन शाली. निघताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, जेवणाच्या वेळा सांभाळ. मी गाडीपर्यंतसुद्धा गेलो नाही. बॅग बायकोने नेली.

लाज वाटतेय. दादाची नाही, आईची.

पाणी घातलं नाही. कोणासाठी घालायचं?

५ मार्च
पाणी घातलं नाही. संध्याकाळी तिकडे जावंसंच वाटत नाही. खिडकी बंद आहे.

१७ मार्च
चमत्कार! छे, चमत्कार कसला, मेहनत! भिंत कोरडी! मीटर तीनदा लावलं, तीनदा हिरवा. डागाची नुसती कड राहिलीये. सिमेंट आणि पेंट, दोघांनी मिळून काम केलंय. फक्त मुरायला वेळ हवा होता. गवंडी नाही, इंजिनिअर नाही, एकट्याने केलं.

दादाला फोन केला. आवाजात उपकार केल्याचा भाव येऊ दिला नाही, म्हणजे फारसा नाही. तो वीस तारखेला आईला आणून सोडतोय.

बायको म्हणाली, हल्ली झाडं सुकलीयेत तुझी. मी म्हटलं, भिंत बघ, झाडं कसली बघतेस?

२० मार्च
आई आली! खोकला पार गेलाय. दादाने भिंतीवर हात फिरवला. तोंड बघण्यासारखं होतं.

तो गेल्यावर आधी वाफ्याकडे धावलो. बिचारी शेवंती माना टाकून बसली होती. पोटभर पाणी घातलं, अंधार पडेपर्यंत. आईने दादाच्या घरच्या गमती सांगितल्या. म्हणे तिथे सगळे आपापल्या खोलीत, कोणी कोणाशी बोलत नाही. मी म्हटलं, बघ, आणि इथे?

२४ मार्च
पलंगामागे सावली पडलीये. पडद्याची असणार.

मीटरचे सेल बदलायला हवेत. हिरवा दिवा लागतच नाहीये.

आई रात्री खोकली. गार पाणी प्यायली असेल.

२५ मार्च
पडदा धुवायला टाकलाय. सावली आहे तिथेच आहे. पडद्याची नव्हे.

सकाळी आईने हाक मारली. म्हणाली, वाफा काढून टाक. मी म्हटलं, अगं, तुझ्यासाठी केलाय तो. ती म्हणाली, पलंगावरून मला त्यातलं एक फूल दिसत नाही, दिसतोस तो तू, तोही छातीच्या वर.

माती उपसायला घेतली. बायको न सांगता घमेलं घेऊन आली, म्हणजे ती केव्हापासून तयारच होती. तळाशी माझं सिमेंट, गुळगुळीत, जसंच्या तसं. छिन्नी मारली. पहिल्या फटीतून पाणी आलं, थेट माझ्या चपलेवर. दुसरी फोडली, तिच्यातूनही आलं. सगळ्या फटींतून आलं. भिंतीतलं पाणी बाहेर जायला ठेवलेली वाट होती ती, आणि मी बूच मारून वरून रोज पाणी ओतत होतो. बायको तोंडाला पदर लावून आत गेली. हसायला गेली असणार.

मी चिखलातूनच खिडकीत तोंड घालून आईला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, पहिल्यापासून. तुझा पाइप चालू झाला की तासाभरात पाठीमागे भिंत गार पडायची. मी भडकलोच. म्हटलं, मग बोलली का नाहीस, एवढी खोकत राहिलीस ती? ती म्हणाली, बोलले असते तर तू पाणी घालणं थांबवलं असतंस. मग खिडकीशी कोण आलं असतं? खोलीत येतोस तो भिंत बघायला येतोस.

छिन्नी ठेवली, हात धुतले.

दादाला मीच फोन करून सगळं सांगितलं. तो इतका हसला की फोन वहिनीला द्यावा लागला. मग म्हणाला, आईला विचार कुठे राहायचंय. आई इथेच म्हणाली. भिंत वाळेपर्यंत ती आमच्या खोलीत झोपणार, आम्ही हॉलमध्ये.

संध्याकाळी सवयीने खिडकीशी जाऊन उभा राहिलो. आई आत शाल आवरत होती. वाफा नाही, पाइप बायकोने कुठे दडवलाय ती सांगत नाही. हातांचं काय करायचं ते कळेना. आईने वर बघितलं आणि म्हणाली, अरे, दारातून ये की आत.